शिकार, उपासमार, मरण: वाइल्डलाइफ डॉक्युमेंटरीत निसर्गाचा कठोरपणा कसा शूट करायचा

वाइल्डलाइफ फिल्म करायला घेतली की आज ना उद्या कॅमेऱ्यासमोर काहीतरी मरणारच. पिल्लू उपाशी मरेल, मोठं पिल्लू धाकट्याला घरट्यातच टोचून मारेल, नाहीतर शिकार होईल आणि तीसुद्धा टीव्हीवर दिसते तशी झटपट होणार नाही. नवीन लोक इथे दोनपैकी एका बाजूला घसरतात असं मी कायम बघतो. एकतर सगळं कापून टाकतात आणि गोंडस पिल्लं, धुकं, सूर्यास्त एवढंच ठेवतात, नाहीतर मग नुसतं रक्त, दात, स्लो मोशन आणि ढोल. दोन्हीत प्रेक्षकाला कळत काहीच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की मरण दाखवायचं असेल तर त्याच्या आधी काय झालं आणि नंतर काय झालं हेही दाखवायचं, आणि ते शूट करणं मरण शूट करण्यापेक्षा खूप जास्त अवघड आहे, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

कॅमेरा उचलायच्या आधी

केनिया-टांझानियातली मारा नदी पोहून जाणारे विल्डबीस्ट, म्हणजे आफ्रिकेतली कळपाने राहणारी मोठी हरणं, आपण सगळ्यांनी पाहिलेत. उडी, पाण्याचा फवारा, मगरीचा जबडा, कट. आता २०१७ मध्ये आलेला एक अभ्यास काय सांगतो बघा, या नदीत दर वर्षी सरासरी ६,२५० च्या आसपास विल्डबीस्ट बुडून मरतात, म्हणजे जवळजवळ १,१०० टन मांस आणि हाडं, आणि त्यातलं मगरी खातात फक्त २ टक्क्यांच्या आसपास. बाकीचं मासे खातात, गिधाडं खातात, मॅराबू करकोचे खातात, किडे खातात, आणि हाडं पूर्ण विरघळायला सात वर्षं लागतात, तोपर्यंत त्यातलं फॉस्फरस नदीत मिसळत राहतं. म्हणजे आपण जिला मुख्य खलनायिका करून बसलोय ती मगर या गोष्टीत किरकोळ पात्र आहे! खरा मारेकरी म्हणजे मागून रेटणारा कळप, उभा काठ आणि पाण्याचा जोर.

हे आधी वाचलेलं असेल तर तुमची शॉटलिस्टच बदलते. मग तुम्ही फक्त मगरीवर लेन्स लावून बसणार नाही, काठावरची रेटारेटी घ्याल, नदीच्या खालच्या अंगाला वळणावर साचलेली प्रेतं घ्याल, गिधाडांची ये-जा घ्याल, पुढच्या आठवड्यात परत येऊन त्याच जागेवर काय उरलंय ते घ्याल. म्हणून पहिलं काम हेच, ज्या प्राण्यावर फिल्म करणार त्याच्यावर वर्षानुवर्षं काम केलेल्या संशोधकाला गाठा आणि त्याला सरळ विचारा की हे प्राणी मरतात कशाने, कुठल्या वयात, कुठल्या महिन्यात, आणि त्याचा फायदा कुणाला होतो. या चार प्रश्नांत अर्धी स्क्रिप्ट होते.

कारणाच्या बाबतीत आपला अंदाज बहुतेक वेळा चुकतो हे लक्षात असू द्या. आफ्रिकेतला व्हेरोज ईगल नावाचा काळा गरुड घ्या, मादी साधारण दोन अंडी घालते आणि थोरलं पिल्लू धाकट्याला जवळजवळ नेहमीच मारून टाकतं. एका घरट्यात तीन दिवसांत १,५६९ टोचे मोजले गेले होते. बघणाऱ्याला वाटतं उपासमारीमुळे चाललंय, पण अशा घरट्यांत खाणं पडलेलं असतानाही हे होतं. दुसरं अंडं म्हणजे पहिलं वाया गेलं तर हाताशी असलेली राखीव सोय, असं अभ्यासक मानतात. हे माहीत नसताना तुम्ही व्हॉइसओव्हरमध्ये "भुकेने व्याकूळ झालेलं पिल्लू" असं ठोकून दिलं तर ती थाप झाली, कितीही सुंदर शूट केलेली असली तरी.

तुम्ही तिथे असल्यामुळे काही बदलतंय का?

शिकार चालू असताना तुमची जीप, तुमचा वास, तुमचा लाइट, हे सगळं एका बाजूचं पारडं जड करतं. हरणाच्या पळायच्या वाटेत गाडी उभी केली की तुम्ही शिकाऱ्याला मदत केली, चित्त्याच्या आणि कळपाच्या मध्ये घातली की त्याचा घास काढला. म्हणून गाडी बाजूला, इंजिन बंद, आणि एकदा जागा घेतली की शिकार संपेपर्यंत हलवायची नाही, शॉट गेला तरी चालेल. हे मी कळकळीने सांगतोय कारण याचे परिणाम मोजले गेलेत. मसाई मारामधल्या चित्त्यांवर २०१८ मध्ये आलेल्या अभ्यासात जास्त पर्यटक येतात त्या भागातल्या माद्यांना एका वेतामागे सरासरी ०.२ पिल्लं मोठी करता आली, आणि कमी पर्यटकांच्या भागात २.३. एवढा फरक! फिल्मवाल्यांची गाडी पर्यटकांपेक्षा जास्त वेळ थांबते, तेव्हा आपण वेगळे आहोत असं समजायचं कारण नाही.

रात्री पांढरा स्पॉटलाइट अजिबात नको. हरणाचे डोळे दिपतात, ते जागच्या जागी थिजतं आणि मग सिंहिणीने नाही, तुम्ही मारलेलं असतं ते. इन्फ्रारेड वापरा किंवा थर्मल कॅमेरा वापरा, रंग येणार नाहीत, चालेल.

ड्रोनबद्दल तर वेगळंच लिहायला पाहिजे. २०१५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटामधल्या काळ्या अस्वलांना हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं बसवून वरून ड्रोन उडवले होते, अस्वलं बाहेरून बहुतेक वेळा शांतच दिसत होती, पण पिल्लं असलेल्या एका मादीचे ठोके मिनिटाला ४१ वरून १६२ वर गेले. म्हणजे "काही नाही हो, प्राण्याला फरकच पडत नाही" हे जे आपण स्क्रीनवर बघून म्हणतो त्याला काही अर्थ नाही. २०१८ मध्ये रशियातला तो बर्फाच्या उतारावरून घसरणाऱ्या अस्वलाच्या पिल्लाचा व्हिडिओ जगभर फिरला होता, लोक जिद्द वगैरे म्हणत शेअर करत होते, आणि अभ्यासक सांगत होते की ती आई ड्रोनला घाबरून अशा अवघड जागी अडकलीय, ड्रोन जवळ आल्यावर तर ती पंजा उगारते. निसर्गाचा कठोरपणा म्हणून जे दाखवलं गेलं ते बऱ्याच अंशी ड्रोन उडवणाऱ्याचं कर्तृत्व होतं.

घरट्याजवळ शूट करताना समोरची फांदी कापू नका. फ्रेम मोकळी होते पण पिल्लं उन्हात येतात आणि कावळ्यांना, घारींना सरळ दिसायला लागतात. फारच झालं तर फांदी दोरीने बाजूला बांधायची आणि निघताना सोडायची. आणि रोज त्याच पायवाटेने घरट्याकडे जाणंही बरं नाही, वासाच्या मागावर दुसरं कुणीतरी पोचतं.

शॉट कुठले घ्यायचे

लांबची लेन्स लागतेच, ५० ते १००० एमएमची एक सिनेमा झूम मोठ्या प्रॉडक्शनमध्ये खूप चालते, पण ती नसली तरी अडत नाही, बीनबॅग (लेन्स टेकवायची भरलेली पिशवी), चांगला फ्लुइड हेड (ट्रायपॉडवर कॅमेरा सावकाश, झटका न बसता फिरवणारा भाग) आणि सकाळची वेळ या तीन गोष्टी जास्त कामाच्या. दुपारी जमीन तापली की लांबच्या लेन्समध्ये हवा नुसती थरथरते, फोकस कितीही बरोबर असला तरी चित्र पाण्याखालून काढल्यासारखं येतं, तेव्हा दुपारी कॅमेरा झाका आणि नोंदी लिहा.

कॅमेऱ्यात प्री-रेकॉर्ड असेल तर तो कायम चालू. बटण दाबायच्या आधीचे काही सेकंद तो धरून ठेवतो आणि शिकार नेमकी त्याच सेकंदांत सुरू होते. स्लो मोशन जपून वापरा. सेकंदाला १००० फ्रेम घेऊन २५ ने दाखवल्या तर एका सेकंदाचे चाळीस सेकंद होतात, पंख कसे वळतात, पाय कसा टेकतो हे समजून घ्यायला उत्तम. पण तडफड चाळीस पट लांबवून काय समजतं? काहीच नाही. माझा नियम साधा आहे, धावणं स्लो, मरणं नॉर्मल स्पीडला.

आता मुख्य मुद्दा. शिकार झाली की सगळे कॅमेरा बंद करतात आणि पाणी प्यायला लागतात, तिथेच फिल्म हातची जाते. थांबा. शिकारी लगेच खातो का धापा टाकत बसतो? चित्ता कधीकधी इतका दमलेला असतो की तरस येऊन त्याच्या तोंडचा घास घेऊन जातं, आणि मग सगळी गोष्टच फिरते. कळप किती वेळाने परत चरायला लागतो? मेलेल्या पिल्लाजवळ आई थांबते की निघून जाते? सांगाड्यावर कोण कोण येतं, कुठल्या क्रमाने? यासाठी एक कॅमेरा ट्रायपॉडवर लांबून टाइमलॅप्सला, म्हणजे ठरावीक वेळाने एकेक फ्रेम घेत राहायला, लावून ठेवा (परवानगी घेऊनच) आणि तुम्ही निघून जा.

तसंच फसलेल्या शिकारी. सिंहांचे, वाघांचे, लांडग्यांचे बहुतेक प्रयत्न फुकट जातात, उलट चतुर नावाचा साधा उडणारा किडा प्रयोगात सुमारे ९५ टक्के वेळा भक्ष्य पकडतो. फिल्ममध्ये मात्र प्रत्येक सिंहीण यशस्वी, आणि त्यामुळे प्रेक्षकाला कायम वाटतं की शिकारी म्हणजे ताकदवान, दुसरा बिचारा. तीन फसलेले प्रयत्न दाखवले, खपाटीला गेलेलं पोट दाखवलं, वाट बघणारी पिल्लं दाखवली की चौथ्या वेळी प्रेक्षकाला कुणाची बाजू घ्यावी हेच कळत नाही. त्याला तसं अडकवता आलं तर फिल्म जमली समजा.

आणि हो, मोठी जंगलं, मोठ्या लेन्स परवडत नसतील तर मॅक्रो लेन्स घ्या आणि झुडपाखाली बसा. परजीवी गांधीलमाशीची अळी सुरवंटाला आतून जिवंत खात जाते, हे बघून खुद्द डार्विनने १८६० मध्ये एका पत्रात लिहिलं होतं की दयाळू आणि सर्वशक्तिमान देवाने हेतूपूर्वक असं काही घडवलं असेल हे आपल्याला पटत नाही. इतकी कठोर गोष्ट हातभर अंतरावर मिळते. फक्त एक, कोळ्याच्या जाळ्यात स्वतः माशी टाकून शूट करायचं नाही. केलंच असेल तर फिल्ममध्ये तसं स्पष्ट सांगायचं.

कारण बनवाबनवी किती काळ टिकते याचं उदाहरण आहे. १९५८ मध्ये आलेल्या एका अमेरिकन फिल्ममध्ये लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कड्यावरून झुंडीने उड्या मारून जीव देताना दाखवले होते. प्रत्यक्षात शूटिंग कॅनडातल्या अल्बर्टामध्ये झालं, जिथे ते लेमिंग राहतच नाहीत, प्राणी विकत आणलेले होते आणि त्यांना ढकलून दिलेलं होतं. फिल्मला ऑस्कर मिळाला, १९८२ मध्ये कॅनडातल्या एका टीव्ही कार्यक्रमाने भांडं फोडलं, आणि तरी लेमिंग आत्महत्या करतात ही समजूत आजही जगभर आहे.

वाचवायचं का नाही?

हा प्रश्न जागेवर सोडवायला गेलात तर सुटत नाही. समोर पिल्लू ओरडत असतं, टीममधलं कुणीतरी रडत असतं, आणि तुम्ही थकलेले असता. म्हणून निघायच्या आधी सगळ्या टीमने बसून लिहून काढायचं. मी तीन प्रश्न ठेवतो. संकट माणसामुळे आलंय का? मदत केली तर कुणाचा घास जातो का? आणि आपण हात घातल्याने प्राण्याला उलट जास्त धोका होतो का?

जाळं, तारेचा फास, रस्ता, दिवे अशा माणसाच्या करणीमुळे अडकला असेल तर मदत मिळालीच पाहिजे, पण ती तुम्ही स्वतः करायची असं नाही, वनरक्षक किंवा तिथल्या पशुवैद्याला कळवायचं. २०१६ मध्ये आलेल्या एका मोठ्या मालिकेसाठी बार्बाडोसमध्ये शूट करणाऱ्या टीमने शहराच्या दिव्यांमुळे रस्त्याकडे भरकटलेली कासवाची पिल्लं उचलून समुद्रात सोडली, तिथे दुमत व्हायचं कारणच नाही. २०१८ मध्ये टीव्हीवर दाखवलेलं अंटार्क्टिकामधलं प्रकरण जरा नाजूक होतं, एम्परर पेंग्विन पिल्लांसकट बर्फाच्या घळीत अडकले, वर चढता येईना, आणि टीमने बर्फात उतार खणून दिला, त्यावरून काही पेंग्विन बाहेर आले. इथे माणसाचा दोष नव्हता. पण त्यांनी प्राण्यांना हात लावला नाही आणि कुणाच्या तोंडचा घासही काढला नाही, नुसती वाट करून दिली. मला ते पटतं. सगळ्यांना पटलं नाही आणि त्यांचंही म्हणणं समजण्यासारखं आहे, की आज उतार, उद्या काय?

याच्या उलट १९८३ मधलं अमेरिकेतल्या यलोस्टोनचं उदाहरण, एक बायसन नदीवरचा बर्फ फुटून पाण्यात अडकला, काही लोकांना तो ओढून काढायचा होता, पण पार्कचं धोरण निसर्गात ढवळाढवळ न करण्याचं होतं. बायसन मेला. वाचायला सोपं आहे, काठावर उभं राहून बघायला नाही. आणि सिंहिणीच्या तोंडातून हरीण सोडवायचा विचार मनात आला तर तिची पिल्लं आठवा, बस.

एक गोष्ट मात्र आपल्या हातात असते ती म्हणजे नाव. प्राण्याला नाव दिलं की प्रेक्षक त्याचा नातेवाईक होतो. आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटातल्या मीरकॅटवर (मुंगसासारखा, कळपाने राहणारा छोटा प्राणी) टीव्ही मालिका होती, त्यातली फ्लॉवर नावाची कळपप्रमुख मादी २००७ मध्ये साप चावून मेली आणि लोक प्रचंड हळहळले, तिला वाचवलं का नाही म्हणून चिडले. तिथे वर्षानुवर्षं संशोधन चालू होतं, उपचार केले असते तर अभ्यासाचाच अर्थ गेला असता. नाव द्यायचं तर द्या, पण सुरुवातीच्याच भागात सांगून टाका की आम्ही यांना वाचवायला आलेलो नाही.

एडिट टेबलवर

लांबच्या लेन्सने घेतलेल्या शिकारीचा आवाज बहुतेक वेळा येतच नाही, हाड मोडल्याचा, मांस फाटल्याचा आवाज नंतर स्टुडिओत बनवतात. हे सगळेच करतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण किती चढवायचा हे तुमच्या हातात आहे. माझा सल्ला, मरणाच्या क्षणी म्युझिक काढून टाका आणि जागेवर वेगळा रेकॉर्ड केलेला वारा, किडे, पक्षी तेवढे ठेवा. जंगल त्या वेळी गप्प होत नाही, शेजारी पक्षी गातच असतो, आणि ते ऐकूनच खरं तर अंगावर काटा येतो.

दोन-तीन वेगवेगळ्या पाठलागांचे शॉट जोडून एक पाठलाग करणं ही रोजची गोष्ट आहे. चालतं, पण मेलेला प्राणी दुसराच असेल तर तो पहिला म्हणून खपवू नका, आणि फिल्मच्या शेवटी किंवा मेकिंगमध्ये सांगा.

मरणावर किती वेळ थांबायचं? प्रेक्षकाला काय झालं ते कळेल तोपर्यंत, मग वाइड, म्हणजे लांबचा शॉट. रानकुत्रे जिवंत प्राण्याचं पोट फाडतात, ते बघायला भयंकर वाटतं, सिंहीण गळा धरते ते त्या मानाने सभ्य वाटतं, पण गुदमरून मरायला काही मिनिटं लागू शकतात आणि रानकुत्र्यांचं काम बऱ्याचदा लवकर आटपतं. हे एका वाक्यात सांगितलं तर तोच शॉट वेगळा दिसायला लागतो. निवेदनात "रक्तपिपासू", "मृत्यूचं तांडव" असलं काही नको. नवा नर सिंह कळपात आला की आधीच्याची पिल्लं मारतो, त्यामुळे माद्या लवकर माजावर येतात आणि त्याची स्वतःची पिल्लं होतात. एवढं सरळ सांगा. त्याचं समर्थनही करू नका आणि त्याला शिव्याही घालू नका.

आणि एका प्राण्याच्या मरणावरून सगळ्या जगाबद्दल बोलताना दहा वेळा विचार करा. २०१७ मध्ये कॅनडातल्या सॉमरसेट बेटावर एका हाडं निघालेल्या ध्रुवीय अस्वलाचा व्हिडिओ निघाला, नॅशनल जिओग्राफिकने तो हवामान बदल असाच दिसतो अशा ओळीसकट दाखवला, आणि २०१८ मध्ये त्यांनाच मान्य करावं लागलं की ते जास्तच झालं, कारण ते अस्वल म्हातारं होतं, आजारी होतं की जखमी होतं हे कुणालाच सांगता येत नव्हतं. आर्क्टिकचा बर्फ कमी होतोय आणि अस्वलांवर त्याचा परिणाम होतोय हे खरंच आहे, म्हणून तर वाईट वाटतं, खऱ्या गोष्टीला कच्चा पुरावा जोडला की न मानणाऱ्यांच्या हातात कोलीत मिळतं.

टीमचीही काळजी घ्या. दिवसेंदिवस एका पिल्लाला खंगताना बघणाऱ्या कॅमेरामनला झोप लागत नाही, तो तसं बोलून दाखवत नाही. आळीपाळीने माणसं बदला, संध्याकाळी फुटेज बघताना मोकळेपणाने बोला. आणि एडिटरला विसरू नका, शूट करणारा ते एकदा बघतो, एडिटर महिनाभर फ्रेम फ्रेम करून बघतो.

शेवटी रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जोडणी, झाला की आधी तुमच्या संशोधकाला दाखवा, मग विषयाची काहीच माहिती नसलेल्या दोन-तीन माणसांना, त्यात एखादं कळत्या वयाचं मूल असलं तर चांगलंच. बघून झाल्यावर काही समजावू नका, फक्त विचारा की तो प्राणी का मेला. उत्तर नुसतं "वाघाने खाल्लं म्हणून" असं आलं तर आधीचा भाग कमी पडलाय, परत टाइमलाइनवर बसा. आणि फायनल फाइल बाहेर देताना जीपीएसची माहिती काढून टाका, घरटं, गुहा, पाणवठा ओळखू येईल असे वाइड शॉटही एकदा तपासा, शिकारचोरही या फिल्म बघतात.